देवीचा जग आणि गावाची चावडी

पुरुष म्हणून जन्मलेल्या, पण पुरुषाच्या रीतीने न जगणाऱ्या माणसाला दख्खनच्या गावगाड्यात पूर्वीपासून जागा होती. ती कधी देवीच्या नावाने मिळे, कधी राजाच्या सनदेने. गावाच्या कारभारातला वाटा मात्र यांपैकी कशानेच मिळाला नाही.  माळशिरस तालुक्यात हा वाटा मिळायला २०१७ साल उजाडावे लागले.

देवीची वाट सौंदत्तीच्या डोंगरावरून येते. यल्लम्मा म्हणजेच रेणुका. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचे मस्तक उडवले, ही तिची कथा. तिला वाहिलेले जोगते आणि जोगतिणी सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि सीमाभागात पिढ्यानपिढ्या दिसत आले. केसात जट आली, आजार हटेना किंवा मुलाचे वागणे बायकी वाटले, की देवीने धरले असे मानले जाई. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधले, की तो घरचा मुलगा राहत नसे. लुगडे नेसून, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन, चौंडक्याच्या तालावर त्याने मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला जमदग्नीच्या मृत्यूचा शोक म्हणून बांगड्याही फोडायच्या.

ज्याला एरवी पोरे चिडवत, त्याच्या हातचा भंडारा बायाबापड्या वाकून कपाळी लावत. हा मान खोटा नव्हता, पण तो विधीपुरताच होता. शिवाय दर्शन बांधण्याचा निर्णय बहुतेक वेळा घरचे आणि जाणते घेत. ज्याच्या गळ्यात ते पडे, त्याचे मत क्वचितच विचारले जाई. परंपरेने अशा लोकांना सामावून घेतले असे सांगताना ही सक्ती सहसा विसरली जाते. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ कादंबरीने ती मराठी वाचकांसमोर आणली. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने तिला मोठा प्रेक्षक दिला, आणि त्यातील जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सनदेची वाट कमी परिचित आहे. मराठेशाहीत काही हिजड्यांना जमिनीची इनामे होती आणि ठरलेल्या गावांतून धान्य व रोख मागण्याचा हक्कही होता. बलुतेदार-अलुतेदारांच्या हक्कांप्रमाणेच तो मानला जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर मुंबई सरकारपुढे हे हक्क चालू ठेवण्याचे अर्ज आले. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये त्या कागदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागण्याच्या हक्काला सरकारी पाठबळ देणे मुंबई सरकारने नाकारले. इनामांना वारसाची अट आडवी आली. गुरूची जमीन चेल्याकडे जायची, पण नव्या कायद्याला रक्ताचा किंवा लग्नाचा वारस हवा होता. म्हणजे हिजड्यांवर वेगळी बंदी न घालताही त्यांचा आधार एकेका मृत्यूबरोबर सरकारजमा होऊ शकत होता.

पुढे भारतीय दंड संहिता आली. ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि तिच्या कलम ३७७ ने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी हे एकच नव्हेत. जो पुरुष पुरुषावर प्रेम करतो, पण लुगडे नेसत नाही आणि देवीचा म्हणवत नाही, त्याला गावाने कोणतेही स्थान दिले नव्हते. लग्न करून गप्प राहणे एवढेच त्याच्या हाती होते. या माणसांसाठी संस्था उभ्या राहिल्या त्या शहरांत. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट निघाला. कवी तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर होते. तिथल्याच एका वरिष्ठ स्वामींनी त्यांना स्वतःची ओळख न लपवता जगण्याचा सल्ला दिला होता. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत कायदा आधी हलला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. धर्मसत्तेलाही धडक बसली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली २०१५ मध्ये किन्नर आखाडा निघाला आणि पुढच्या वर्षी उज्जैनच्या सिंहस्थात त्याची मिरवणूक निघाली. आखाडा परिषदेने मान्यता दिली नाही, तरी २०१९ च्या प्रयाग कुंभात तो जुना आखाड्याबरोबर स्नानाला उतरला. जोगत्याला देवीने निवडले असे मानले जाई. इथे पद मागून, भांडून घेतले गेले.

गावपातळीवर ही गोष्ट माळशिरस तालुक्यातील तरंगफळने केली. राज्यात सरपंचाची निवड थेट मतदारांकडून होऊ लागली त्या २०१७ सालीच, ऑक्टोबरमध्ये, ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला गावाने सरपंच केले. सदस्यांनी आपसांत सरपंच निवडण्याच्या जुन्या पद्धतीत, जिथे गटातटांचे गणित चालते, हे घडणे अवघड होते.

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकला मात्र प्रकरण न्यायालयात गेले. तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांनी महिला गटातून अर्ज भरला, तो छाननीत फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला, मात्र स्त्री ही ओळख पुढे सोयीनुसार बदलता येणार नाही असेही बजावले. त्याच महिन्यात मतदान झाले आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या.