कॅमेरा हाती घेतलेले चित्रकार

मुंबईत थंडीबरोबर चित्रपट महोत्सवांचा हंगाम येतो. आधुनिक चित्रकारांवरील लघुपटांची हिवाळी मालिका आखायची झाल्यास प्रारंभ फिल्म्स डिव्हिजनपासूनच करावा लागेल. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या या सरकारी संस्थेने साठच्या दशकात चक्क चित्रकारांच्याच हाती कॅमेरा सोपविला.

मकबूल फिदा हुसेन यांनी राजस्थानात चित्रित केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले. त्यात कथानक नाही. छत्री, कंदील, जोडा यांचीच गाठभेट आहे. तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ (१९७०) अधिक अस्वस्थ करतो. त्यातील वांद्र्याच्या कत्तलखान्याची दृश्ये पाहिल्यावर मेहतांच्या कॅनव्हासवरील बैल निराळाच दिसू लागतो. सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२) मात्र गुरूविषयी आहे. शांतिनिकेतनात त्यांना शिकविणारे बिनोदबिहारी मुखर्जी दृष्टी गेल्यावरही कलानिर्मिती करीत राहिले.

अकबर पदमसी यांची वाट स्वतंत्र होती. नेहरू फेलोशिपच्या रकमेतून त्यांनी १९६९ च्या सुमारास मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले व दोन लघुपट केले. रेषांच्या अॅनिमेशनचा ‘सिझिजी’ टिकला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकमेव प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्याच नावाचा लघुपट केला. पदमसी २०२० च्या जानेवारीत निवर्तले.