बागेतील बुद्धमूर्ती : निवड आणि जागा

सांताक्रूझमध्ये घराभोवतीची बाग आता विरळाच; बहुतेकांची बाग गच्चीवर किंवा बाल्कनीत असते. तेथे बुद्धमूर्ती ठेवताना ती केवळ शोभेची वस्तू नव्हे, याचे भान असावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ही मूर्ती वंदनीय आहे. म्हणून नुसते शिर किंवा कारंजे केलेली मूर्ती टाळावी. ढेरपोट्या ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. तो चिनी परंपरेतील बुदाई भिक्षू होय.

मुद्रा : मांडीवर एकावर एक हात ही ध्यानमुद्रा, ती निवांत कोपऱ्यात शोभते. उंचावलेला उजवा तळहात म्हणजे अभयमुद्रा. ती प्रवेशाजवळ ठेवावी.

माध्यम : सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसात प्लास्टरची मूर्ती टिकत नाही. सिमेंटच्या मूर्तीतील लोखंडी सळई खाऱ्या हवेने गंजते आणि मूर्तीला तडे जातात. काळा दगड सर्वांत टिकाऊ. मात्र एका घनफुटाचे वजन सुमारे ८० किलो भरते. त्यामुळे गच्चीसाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जागा : पाण्याचा निचरा होणारा, गुडघ्याहून उंच चौथरा असावा. जवळ चपला वा केराचा डबा नसावा. शेवाळ मऊ ब्रशने काढावे, ॲसिडने नव्हे.

खरेदीपूर्वी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांना अवश्य भेट द्यावी. तिसऱ्या लेण्यातील सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहिल्यावर बाजारातील मूर्ती पारखणे सोपे जाते.