स्मार्टफोनची सॉफ्टवेअर अपडेट्स आणि बॅटरीचे आयुष्य : एक ऐतिहासिक आढावा (२००७ ते २०२५)

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मोबाईल फोन हे केवळ संभाषणाचे साधन राहिले नाही. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षांचे निकाल अशी दैनंदिन जीवनातील असंख्य कामे त्याच्यावर होऊ लागली. साहजिकच फोनची बॅटरी किती काळ साथ देते हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता मर्यादित न राहता सर्वसामान्य ग्राहकाच्या खर्चाशी निगडित झाला. याच काळात, अपडेट केले की बॅटरी लवकर उतरते आणि फोन मंदावतो, अशी तक्रार जगभर ऐकू येऊ लागली. प्रारंभी ती एक समजूत मानली गेली. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल या कंपनीने आपल्या काही फोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केल्याचे मान्य केले आणि ही तक्रार न्यायालये व नियामक संस्थांच्या विचाराचा विषय बनली. सॉफ्टवेअर अपडेट आणि बॅटरी यांच्यातील संबंध कसा उलगडत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१) बॅटरीच्या आयुष्याशी निगडित भिन्न संकल्पना स्पष्ट करणे.
२) २००७ ते २०२५ या काळातील प्रमुख घटनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३) या घटनांतून पुढे आलेल्या ग्राहकहक्काच्या प्रश्नाचे स्वरूप तपासणे.

संकल्पना : ‘आयुष्य’ या शब्दाचे दोन अर्थ

स्मार्टफोनमध्ये वापरली जाणारी लिथियम-आयन बॅटरी स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून विकसित झाली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सोनी कंपनीने ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली.

या बॅटरीच्या संदर्भात ‘आयुष्य’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एकदा पूर्ण भारित केल्यावर फोन किती तास चालतो, हा पहिला अर्थ होय. बॅटरी निकामी होईपर्यंत किती वर्षे टिकते, हा दुसरा. या दोहोंची गल्लत हे या विषयावरील बहुतेक वादांचे मूळ आहे. सॉफ्टवेअर पहिल्या प्रकारच्या आयुष्यावर थेट परिणाम करू शकते, कारण प्रोसेसर, पडदा व जोडणी यांना किती वीज लागावी हे बहुतांशी तेच ठरवते. दुसऱ्या प्रकारचे आयुष्य मुख्यतः रासायनिक प्रक्रियेवर अवलंबून असते. प्रत्येक भारण-चक्रागणिक बॅटरीची क्षमता थोडी घटते. उष्णतेमुळे आणि बॅटरी सतत पूर्ण भारित ठेवल्याने ही झीज वाढते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. बॅटरी जुनी होते तेव्हा तिची केवळ क्षमता घटत नाही, तर अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त विद्युतप्रवाह मागितला की वाढलेल्या रोधामुळे बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेल्यास फोन स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडतो. थंडीत रोध आणखी वाढतो. पडद्यावर तीस-चाळीस टक्के भार शिल्लक दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो, याचे कारण हेच. पुढील संपूर्ण वादाचा उगम या साध्या भौतिक नियमात आहे.

पूर्वपीठिका

वस्तूचे आयुष्य उत्पादकाने ठरवावे काय, हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा पुष्कळ जुना आहे. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर मर्यादित केले. तप्त तारेच्या दिव्यात आयुष्य आणि प्रकाशमानता यांची तडजोड करावी लागते. त्यामुळे या निर्णयाला तांत्रिक समर्थनही देता येत होते. तथापि विक्रीवाढीचा हेतूही त्यात स्पष्ट होता. १९३२ मध्ये बर्नार्ड लंडन यांनी मंदीवरील उपाय म्हणून ‘नियोजित कालबाह्यते’चा पुरस्कार केला, तर १९६० मध्ये व्हान्स पॅकार्ड यांनी ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात त्याच प्रवृत्तीवर कठोर टीका केली. एकाच निर्णयात तांत्रिक कारण आणि व्यापारी हित एकत्र नांदू शकतात, हे दिव्याच्या इतिहासाने दाखवून दिले होते. फोनच्या बाबतीत त्याचीच पुनरावृत्ती झाली.

२००७ : संक्रमणाचे वर्ष

या दृष्टीने २००७ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नोकिया कंपनीने मात्सुशिता कंपनीकडून तयार झालेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या अतितप्त होण्याची शक्यता असल्याचे जाहीर केले. भारतात हे फोन घरोघरी असल्याने मोठी धावपळ उडाली. परंतु ग्राहकाला फोनचे मागचे झाकण काढून बॅटरीवरील क्रमांक पाहता येत होता आणि सदोष बॅटरी बदलून घेता येत होती. बॅटरी ही सुटी वस्तू होती आणि तिच्यातील दोष तिच्यापुरताच मर्यादित होता.

त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीस आला. त्याची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. पुढील दशकात बहुतेक उत्पादकांनी हीच रचना स्वीकारली. परिणामी बॅटरीची अवस्था जाणण्याचे एकच साधन ग्राहकाकडे उरले, ते म्हणजे स्वतः उत्पादकाचे सॉफ्टवेअर.

अपडेटचे दुहेरी परिणाम

अपडेटमुळे बॅटरी लवकर उतरते ही तक्रार अनेकदा वस्तुस्थितीला धरून होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या आयओएस ५ मधील काही दोषांमुळे बॅटरीवर परिणाम होत असल्याचे ॲपलने मान्य केले आणि नोव्हेंबरमध्ये आयओएस ५.०.१ द्वारे दुरुस्ती दिली. याखेरीज मोठ्या अपडेटनंतर फोन आतील माहितीची सूची नव्याने तयार करतो, छायाचित्रांचे वर्गीकरण करतो आणि ॲप्स नव्या प्रणालीशी जुळवून घेतो. या कामांसाठी पहिले काही दिवस अधिक वीज खर्च होते. हा परिणाम तात्पुरता असतो.

याउलट काही अपडेट्सनी बॅटरीची बचतच केली. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० बरोबर आलेली ‘डोझ’ ही सुविधा फोन स्थिर पडून असताना पार्श्वभूमीवरील कामे लांबणीवर टाकते. २०१९ मधील आयओएस १३ ने रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन ८० टक्क्यांवर थांबवून उरलेला भार वापराच्या वेळेच्या सुमारास पूर्ण करण्याची सोय दिली. ही सुविधा तर दुसऱ्या अर्थाच्या, म्हणजे वर्षांत मोजल्या जाणाऱ्या आयुष्याच्या वाढीसाठी होती. तात्पर्य, अपडेट बॅटरीला मारक की तारक, याचे सरसकट उत्तर देता येत नाही.

२०१६ मध्ये या संबंधाला निराळे वळण मिळाले. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्यानंतर कंपनीने फोन परत मागवले. जे ग्राहक फोन परत करीत नव्हते त्यांच्यासाठी प्रथम दक्षिण कोरियात चार्जिंग ६० टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारे अपडेट देण्यात आले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत चार्जिंग पूर्णतः बंद करणारे. विकलेली वस्तू दूर अंतरावरून निरुपयोगी करता येते हे यातून जगासमोर आले. येथे जीवितसुरक्षेचा प्रश्न होता आणि उपाय जाहीरपणे योजला गेला, ही बाब मात्र नोंदवली पाहिजे.

आयफोन प्रकरण (२०१६–२०१८)

नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलने अचानक बंद पडणाऱ्या काही आयफोन ६एस फोनसाठी विनामूल्य बॅटरी बदलण्याची योजना जाहीर केली. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आले. त्यानंतर महिनाभराने कंपनीने सांगितले की अचानक बंद पडण्याचे प्रमाण आयफोन ६एस मध्ये ८० टक्क्यांहून अधिक आणि आयफोन ६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक घटले आहे. ही सुधारणा कोणत्या मार्गाने साधली, हे मात्र ग्राहकांना स्पष्ट करण्यात आले नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये एका ग्राहकाने जुन्या आयफोन ६एस ची बॅटरी बदलल्यावर फोनचा वेग वाढल्याचे मोजमापांसह प्रसिद्ध केले. १८ डिसेंबर रोजी ‘गीकबेंच’ ही वेगमापन प्रणाली तयार करणाऱ्या प्रायमेट लॅब्सचे जॉन पूल यांनी आपल्याकडे जमा झालेल्या आकडेवारीचे विश्लेषण मांडले. आयओएस १०.२ वरील आयफोन ६एस चे गुण प्रामुख्याने एकाच बिंदूभोवती एकवटलेले होते. १०.२.१ नंतर मात्र त्याच्या खाली आणखी काही शिखरे दिसू लागली. एकच फोन, एकच प्रोसेसर, तरीही वेगाच्या निरनिराळ्या पातळ्या, याचा अर्थ वेगावर हेतुतः मर्यादा घातली जात होती.

२० डिसेंबर रोजी ॲपलने हे मान्य केले. जुन्या बॅटरीवर एकाएकी ताण येऊन फोन बंद पडू नये म्हणून प्रोसेसरची कमाल मागणी कमी केली जाते, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. २८ डिसेंबर रोजी जाहीर क्षमायाचना करून बॅटरी बदलण्याचा खर्च ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणण्यात आला. मार्च २०१८ मधील आयओएस ११.३ ने ग्राहकाला बॅटरीची अवस्था पाहण्याची आणि वेगमर्यादा बंद करण्याची सोय दिली.

या प्रकरणात लोकसमजूत आणि वस्तुस्थिती यांचा क्रम उलटा होता. अपडेटने बॅटरी झिजवली नव्हती. झिजलेल्या बॅटरीला सांभाळण्यासाठी अपडेटने फोन मंद केला होता. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय असमर्थनीय म्हणता येणार नाही, कारण अचानक बंद पडणाऱ्या फोनपेक्षा थोडा मंद फोन बरा. खरा आक्षेप मौनाविषयी होता. फोन मंद का झाला हे ज्याला कळत नाही, तो ग्राहक बॅटरी न बदलता नवा फोन विकत घेतो. या मौनाची आर्थिक बाजू नंतर अप्रत्यक्षपणे उघड झाली. २ जानेवारी २०१९ रोजी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात टिम कूक यांनी तिमाही महसुलाचा अंदाज ८४ अब्ज डॉलरपर्यंत खाली आणला. त्यामागे चीनमधील मंदी हे मोठे कारण होते, तथापि नवे फोन कमी घेतले जाण्याच्या कारणांत ग्राहकांनी स्वस्तात बदलून घेतलेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता.

कायद्याची भूमिका

ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. नव्या फोनसाठी बनवलेले सॉफ्टवेअर पुरेशी कल्पना न देता जुन्या फोनवर बसवण्यास ग्राहकांना प्रवृत्त केले, असा ठपका दोघांवर होता. बॅटरीचे आयुष्य व तिची निगा याविषयी पुरेशी माहिती न दिल्याचा अतिरिक्त दोष ॲपलवर ठेवण्यात आला.

फ्रान्समध्ये २०१५ च्या कायद्याने नियोजित कालबाह्यता हा गुन्हा ठरवला होता आणि एका ग्राहक संघटनेने त्याच आधारे तक्रार केली होती. परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालेला अडीच कोटी युरोंचा दंड त्या गुन्ह्यासाठी नव्हता. अपडेटमुळे वेग कमी होऊ शकतो ही माहिती दडवणे, अर्थात दिशाभूल करणारी व्यापारी प्रथा, हा त्याचा आधार होता. हेतू सिद्ध करणे दुष्कर असते, माहिती दिली नाही हे सिद्ध करणे तुलनेने सुलभ असते, हे यातून दिसून येते. अमेरिकेत त्याच वर्षी कंपनीने कोणतीही चूक मान्य न करता ५० कोटी डॉलरपर्यंतची सामूहिक तडजोड केली आणि तीसहून अधिक राज्यांना ११.३ कोटी डॉलर देण्याचे स्वीकारले. ग्राहकांच्या हाती प्रत्यक्ष रक्कम जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे मूळ अपडेटनंतर सात वर्षांनी पडली.

अलीकडील घडामोडी

जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए या फोनसाठी दिलेल्या अपडेटने काही फोनमधील बॅटरीची उपलब्ध क्षमता घटवली. यावेळी कंपनीने पूर्वसूचना देऊन विनामूल्य बॅटरी अथवा भरपाई देऊ केली. त्याच महिन्यात भारतात आयओएस १८ च्या अपडेटनंतर फोनच्या कार्यात बिघाड झाल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये स्थापन झालेल्या या प्राधिकरणासमोर हा विषय येणे, ही भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने दखलपात्र बाब आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० भारण-चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणे अपेक्षित आहे.

निष्कर्ष

१) सॉफ्टवेअर अपडेटचा बॅटरीवर परिणाम होतो, मात्र तो एकाच प्रकारचा नसतो. तात्पुरता वाढीव वीजखर्च, सॉफ्टवेअरमधील दोष, हेतुपुरस्सर घातलेली मर्यादा आणि प्रत्यक्ष बचत हे चार प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.
२) रासायनिक झीज अपडेटने थांबत नाही. अपडेट ती झाकू शकते, लांबवू शकते किंवा ग्राहकाच्या नजरेस आणू शकते.
३) २०१७ च्या प्रकरणात नियामकांचा मुख्य आक्षेप तांत्रिक उपायावर नव्हता, तर तो न सांगता केल्यावर होता.
४) बॅटरी सुटी होती तोवर तिची अवस्था पाहण्याचा अधिकार ग्राहकाच्या हातात होता. बंदिस्त रचनेत तो उत्पादकाकडे गेला. बॅटरीची अवस्था दाखवणारी आज उपलब्ध असलेली सुविधा ही या हक्काची अंशतः परतफेड होय. ती कंपनीने आपणहून दिलेली नाही, ग्राहकांनी मोजमापे घेतल्यामुळे आणि दाद मागितल्यामुळे ती मिळाली, ही नोंद या इतिहासात महत्त्वाची आहे.