संगणकातील शक्तिव्यवस्थापन

संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा गाभा (कर्नेल) चकती, पडदा, कळफलक इ. उपकरणांना किती विद्युत् शक्ती घ्यावयाची याविषयी जे आदेश देतो, त्या व्यवस्थेस शक्तिव्यवस्थापन म्हणतात. नुसता प्रवाह तोडणे म्हणजे शक्तिव्यवस्थापन नव्हे. माहिती चकतीवर लिहिली जात असतानाच पुरवठा थांबल्यास ती नष्ट होण्याचा संभव असतो.

आरंभी हे काम मुख्यतः यंत्रातील मूळ आज्ञावली (बायॉस) करीत असे. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये ‘एपीएम’ हे मानक मांडले. परंतु कोणते उपकरण कोणत्या कामात गुंतले आहे, हे बायॉसला पुरेसे कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ मानक आणले व निर्णयाचा अधिकार प्रचालन प्रणालीकडे गेला. उपकरणाच्या डी-० (पूर्ण शक्ती) ते डी-३ (बंद) आणि सबंध यंत्रणेच्या एस-० ते एस-५ अशा अवस्था त्यात ठरविलेल्या आहेत.

विंडोजच्या एनटी मालिकेत ही सोय विंडोज २००० पासून आली. तीत शक्तीविषयीची मागणी उपकरणाच्या चालक आज्ञावल्यांच्या उतरंडीतून वरून खाली जाते. शक्ती कमी करताना वरची आज्ञावली आपले काम आधी आटोपते व तळाची वाहिनी-आज्ञावली शेवटी. शक्ती वाढविताना क्रम उलटा. विचारणा व आदेश यांत भेद आहे : विचारणेस चालक आज्ञावली नकार देऊ शकते, आदेशास नाही. सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढणारी उपकरणे एका वेळी एकच जागी केली जातात. वीज परतताच शेतीपंप एकदम सुरू झाल्यास रोहित्रावर कसा ताण येतो, हे मराठवाड्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासून, संगणक चालू असतानाच रिकामे उपकरण तेवढे निजविण्याची सर्वसाधारण चौकट आली.

एस-४ अवस्थेत स्मृतीतील सर्व मजकूर चकतीवर उतरवून यंत्र बंद होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईबाहेरील महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते. नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत या अवस्थेचे मोल विशेष होते. यूपीएस संचाचा घट संपण्यापूर्वी अर्धवट राहिलेले काम तीमुळे वाचविता येई. मात्र एखादी सदोष चालक आज्ञावली मध्येच अडून बसल्यास सारी साखळी थांबे आणि घट रिता होई.