रशीदुद्दीन : बुद्धचरित्र लिहिणारा इराणी वजीर

रशीदुद्दीन फज्लुल्लाह हे नाव मध्ययुगीन इराणचा थोर इतिहासकार म्हणून सर्वश्रुत आहे. बौद्ध विद्येच्या अभ्यासकाने ते आणखी एका कारणासाठी स्मरणात ठेवावयास हवे.

इ.स. १२४७ च्या सुमारास हमदान येथील एका यहुदी वैद्यकुळात त्याचा जन्म झाला. तिशीच्या आसपास त्याने इस्लाम स्वीकारला. वैद्यकाच्या बळावर तो मंगोल इलखानांच्या दरबारी चढत गेला व १२९८ मध्ये गाझान खानाच्या दोन प्रमुख मंत्र्यांपैकी एक झाला. गाझान स्वतः बौद्ध संस्कारांत वाढलेला. परंतु १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारून त्याने बौद्ध मंदिरे पाडण्याची आज्ञा दिली होती. अशा काळात रशीदुद्दीनने आपल्या ‘जामिउत्तवारिख’ या ग्रंथाच्या भारतविषयक भागात बुद्धाचे चरित्र अंतर्भूत केले. काश्मीरचा भिक्षू कमलश्री हा त्याचा साहाय्यक होता. त्यातील देवतेचे प्रश्न व बुद्धाची उत्तरे वाचताना पालि संयुत्तनिकायातील देवतासंयुत्ताची आठवण होते.

तब्रीझजवळ त्याने ‘रब्अ-ए-रशीदी’ ही वसाहत उभारली. तेथे रुग्णालय होते, ग्रंथालय होते; आपल्या ग्रंथांच्या अरबी व फारसी प्रती दरवर्षी लिहिल्या जाव्यात, अशी तरतूद त्याने दानपत्रात केली होती.

१३१६ मध्ये उल्जैतू खान वारला. प्रतिस्पर्धी वजीर अलीशाह याच्या कारस्थानाने रशीदुद्दीन पदच्युत झाला. खानाला घातक औषध दिल्याचा आरोप त्याच्यावर आला. जुलै १३१८ मध्ये प्रथम त्याच्या कोवळ्या मुलाचा, इब्राहिमचा, त्याच्या डोळ्यांदेखत वध झाला, मग त्याचा. त्याचे शिर तब्रीझमध्ये ‘यहुद्याचे शिर’ म्हणून मिरविण्यात आले. वसाहत लुटली गेली. पुढे १४०० च्या सुमारास मिरानशाहने त्याच्या अस्थी उकरून यहुदी दफनभूमीत टाकविल्या.

चाळीस वर्षांचे धर्मांतर व वीस वर्षांची मंत्रिपदाची सेवा यांनीही त्याचा जन्म पुसला गेला नाही. माणसास जन्मावरून तोलणारी वृत्ती कोणत्याही एका देशाची मिरासदारी नाही, हेच यातून दिसते. मात्र त्याने प्रती करविल्या होत्या, म्हणून ग्रंथ वाचला. १३१४ च्या अरबी हस्तलिखिताची पाने आजही उपलब्ध आहेत आणि इराणमधून बौद्ध धम्म लोपल्यानंतरही त्यांत तथागतांचे चरित्र टिकून आहे.