गर्भजल परीक्षेपासून भ्रूणपरीक्षेपर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी या विषयावर बोलण्याची सूचना केली तेव्हा मी त्यांना म्हणालो की, माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. या विषयाला एखादा डॉक्टर बोलवा. त्यावर ते म्हणाले, "शास्त्र डॉक्टर सांगतील. हे शास्त्र आपल्या मुंबईत कसे आले आणि त्याचे काय झाले, तो इतिहास तुम्ही सांगा." इतिहास सांगायला पदवी लागत नाही, खरे बोलावे लागते. म्हणून मी उभा राहिलो आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणगावचा मोठा संप सुरू झाला आणि जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कसा विरून गेला हे या सभेतील अनेकांच्या घरांना ठाऊक आहे, कारण विरार-नालासोपाऱ्याच्या कित्येक चाळी त्या संपाने उठवलेल्या माणसांनीच भरल्या. आम्हीही त्यांतलेच. विरारला आलो तरी आजारपण आले की आमची पावले परळलाच वळत. तेथे के. ई. एम. रुग्णालय आहे. १९२६ साली सुरू झालेले हे महानगरपालिकेचे रुग्णालय गिरण्यांच्या भोंग्यांमध्ये उभे राहिले. त्याच्या जोडीला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि तेथे शिकवणारे सर्व अध्यापक भारतीयच असावेत, अशी त्या देणगीची अट होती. परक्या राजवटीत घातलेली ही अट मला फार मोलाची वाटते.

याच रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली. तिच्या आईचे स्त्रीबीज शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत त्याचे फलन केले होते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या पथकाचे हे काम. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत एकच वर्तमानपत्र येई आणि ते मोठ्याने वाचले जाई. "नळीतले मूल" म्हणजे काय याचा अर्थ कोणालाच नीट लागला नाही. परंतु आपल्या परळच्या इस्पितळात ते झाले याचा अभिमान मात्र सर्वांना वाटला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जगातील असे पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौकशी झाली, अवहेलना झाली, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे १९९७ साली त्यांची टिपणे डॉ. आनंदकुमार यांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी जाहीर केले की, भारतातील पहिलेपणाचा मान माझा नव्हे, मुखर्जींचा आहे. स्वतःचा मान दुसऱ्याच्या पदरात टाकणारी माणसे विरळा. कामगाराच्या कामाचे श्रेय दुसऱ्याने लाटलेले मी आयुष्यभर पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता भ्रूणपरीक्षा म्हणजे काय ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. स्त्रीला औषधे देऊन एका वेळी अनेक बीजे तयार करवतात. ती काढून घेऊन पुरुषाच्या शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवतात. तिसऱ्या दिवशी भ्रूण सुमारे आठ पेशींचा होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो शंभराच्या आसपास पेशींचा पोकळ गोळा असतो. त्याच्या आतल्या पुंजक्यापासून पुढे मूल होते आणि बाहेरच्या आवरणापासून वार होते. पूर्वी तिसऱ्या दिवशी एक पेशी काढत; आता बहुधा पाचव्या दिवशी बाहेरच्या आवरणातल्या पाच-दहा पेशी काढतात. भ्रूण गोठवून ठेवतात, पेशींची तपासणी करतात आणि ज्यात दोष नाही असा भ्रूण गर्भाशयात सोडतात. तपासणीचे मुख्य प्रकार दोन. आईबापांच्या घराण्यात ठाऊक असलेला एखादा रोग भ्रूणात उतरला आहे काय, हे पाहणे हा एक. आणि गुणसूत्रांची संख्या शेहेचाळीस बरोबर आहे काय, हे मोजणे हा दुसरा. पहिल्याचा उपयोग स्पष्ट आहे. दुसरा सरसकट प्रत्येक स्त्रीला लाभदायक ठरतो, असे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. काही पेशी बरोबर आणि काही चुकीच्या, असे मिश्र भ्रूणही असतात आणि त्यांतून निरोगी मुले जन्मल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तपासणीचा कागद हा ब्रह्मलिखित समजू नये.

या परीक्षेचा जन्मही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हॅंडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ती प्रथम यशस्वी केली. तेथे आलेल्या स्त्रियांच्या घराण्यात असे रोग होते की, जे आईकडून येतात पण बहुतांशी मुलग्यांनाच ग्रासतात. तेव्हाच्या साधनांनी प्रत्यक्ष रोग ओळखता येत नव्हता. भ्रूण मुलाचा की मुलीचा एवढेच कळे. म्हणून त्यांनी मुलींचे भ्रूण निवडले. म्हणजे जगात ही विद्या प्रथम वापरली गेली ती मुली जन्माला याव्यात म्हणून! आपल्याकडे त्याच विद्येकडे लोकांनी कोणत्या आशेने पाहिले, ते सांगताना मान खाली जाते.

तो इतिहास गर्भजल परीक्षेपासून सुरू होतो. गर्भाभोवतालचे पाणी सुईने काढून त्यातील पेशी तपासण्याची ही रीत १९७० च्या दशकात दिल्लीत आली, ती गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. पण लोक मुलगा की मुलगी एवढेच विचारू लागले. सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानास मनाई केली. मनाई झाली ती सरकारी दारात. खाजगी दार सताड उघडे राहिले. मुंबईत ऐंशीच्या दशकात त्याच्या उघड जाहिराती झळकत होत्या. पुढे हुंड्यात घालवण्याच्या लाखांपेक्षा आज काही शे रुपये खर्च करा, असा त्यांचा हिशेब असे. महाराष्ट्र सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत होते. हे अडाण्यांचे पाप नव्हते. करणारे शिकलेले होते आणि करवून घेणाऱ्यांतही शिकलेले पुष्कळ होते.

मुंबईतल्या स्त्री-संघटना, काही डॉक्टर, वकील आणि वैज्ञानिक यांनी याविरुद्ध मंच उभारला. सभा घेतल्या, मोर्चे काढले, आमदारांची दारे ठोठावली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने असा कायदा केला. देशातला तो पहिला. परंतु कायदा एका राज्याचा आणि रेल्वे साऱ्या देशाची. आपल्या विरारहून गाडीत बसले तर दोन-तीन तासांत माणूस गुजरातेत पोचतो. सरहद्दीपलीकडे तो कायदा लागू नव्हता. म्हणून साऱ्या देशासाठी १९९४ साली संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला.

तरीही एक फट राहिली. १९९४ चा कायदा प्रसूतिपूर्व निदानाचा होता. गर्भधारणाच झाली नाही, भ्रूण अजून काचेच्या बशीत आहे, तर हा कायदा लागू कसा, असा युक्तिवाद निघाला. मुलग्याचा भ्रूण निवडून देण्याची भाषा सुरू झाली. गर्भपात करावा लागत नाही, मग पाप कसले, असेही कोणी म्हणू लागले. तेव्हा २००० साली मुंबईची 'सेहत' संस्था, पुणे जिल्ह्यातील 'मासूम' संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा असूनही पाळला जात नाही, ही त्यांची तक्रार. न्यायालयाने सरकारांना वारंवार जाब विचारला. संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. पुढे दोन मुलींच्या आईबापांनी मुंबई उच्च न्यायालयात हा कायदाच रद्द मागितला. कुटुंबात समतोल यावा म्हणून मुलगा निवडू द्या, असे त्यांचे म्हणणे. २००७ साली न्यायालयाने ते फेटाळले.

या काळात जनगणना काय सांगत होती? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. कायदे होत गेले आणि मुली कमी होत गेल्या. ज्या देशात आईची पूजा होते, ज्या आमच्या गावात जीवदानी देवीचा डोंगर नवस बोलत लोक चढतात, त्या देशाचे हे आकडे आहेत.

निवड हा शब्द कामगाराला नवा नाही. गिरणीच्या दारात पहाटे बदली कामगार रांगेत उभे राहत, आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम मिळे. कोण चांगला, कोण नको, हे मुकादमाच्या मनावर. भ्रूणांच्या रांगेकडे पाहताना माझ्या मनात तोच प्रश्न येतो की, बोट कोणाचे? आईचे, नवऱ्याचे, सासूचे, डॉक्टरचे की बाजाराचे? सुप्रजाजननाचा विचार आपल्याकडे नवा नाही. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२० च्या दशकात त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. त्या काळी जगभरच्या विद्वानांना तो विचार प्रगतीचा वाटे. पण १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या सरकारने त्याच विचाराच्या नावे सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, आणि पुढे काय झाले ते जग जाणते. उलट र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्त्रीच्या देहावर स्त्रीचा हक्क मानून. एका बाजूला सरकार ठरवणार, दुसऱ्या बाजूला बाई ठरवणार. या दोन वाटांतला फरक ओळखणे हीच या विषयाची गुरुकिल्ली होय.

आज आपल्या देशात २०२१ चा कायदा आहे. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ठाऊक असलेल्या, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक रोगांसाठीच भ्रूणपरीक्षा करता येईल, असे तो म्हणतो, आणि लिंगनिवडीस मनाई करतो. अमेरिकेत काही कंपन्या आता भ्रूणाची उंची आणि बुद्धी यांचे अंदाज विकू लागल्या आहेत. आपल्या कायद्यात त्याला जागा नाही, आणि ती नसावी.

आता शेवटची गोष्ट. आमच्या संघटनेतली एक बाई वसईच्या एका कारखान्यात काम करते. तिच्या मुलाला थॅलसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. त्या दिवशी आईची किंवा बापाची हजेरी बुडते. आईबाप दोघेही वाहक असले की प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक एवढा धोका असतो. एके संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आमच्या कचेरीत आली. म्हणाली, "दादा, दुसरे मूल हवे आहे. ही तपासणी करून घेणे पाप आहे का? आणि पतपेढीचे कर्ज काढावे का?" मग नवरा खाली बघत म्हणाला, "आई म्हणते, बघणारच आहात तर मुलगाच बघा."

मी त्यांना सांगितले की, पाप नाही. परंतु आईचे ते वाक्य डॉक्टरच्या दारात नेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे तो अन्याय आहे. कर्जाचे म्हणाल तर आधी सरकारी रुग्णालयात सल्ला घ्या. भ्रूणपरीक्षा हा एकच मार्ग नव्हे. गर्भ राहिल्यावर अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण तपासूनही हा रोग ओळखता येतो. मात्र त्यात पुढे कठीण निर्णय घ्यावा लागू शकतो. भ्रूणपरीक्षेत ती वेळ बहुधा टळते, पण खर्च मोठा, शरीराला त्रास मोठा, आणि मूल होईलच अशी हमी नाही. दोन्ही बाजू मी जशा समजल्या तशा मांडल्या.

बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एक सांगते, दादा. मोठ्याला कळेल तेव्हा त्याला असे वाटता कामा नये की, तो आम्हाला नको होता. दुसरे निरोगी हवे, ते पहिला नकोसा झाला म्हणून नव्हे." मी एवढ्या सभा केल्या, पण या प्रश्नावर याहून खरे वाक्य ऐकले नाही.

म्हणून माझे मागणे दोन पायांवर उभे आहे. पहिला पाय असा की, भ्रूणपरीक्षेचा लाभ फक्त पैसेवाल्यांना नको. ज्या परळच्या महापालिका रुग्णालयात नळीतल्या मुलाची विद्या १९८६ साली आली, तशाच सार्वजनिक दारांत भ्रूणपरीक्षा गरजू जोडप्यांना मिळाली पाहिजे, आणि तेथे आधी प्रामाणिक सल्ला मिळाला पाहिजे. लग्नापूर्वी वा गर्भधारणेपूर्वी साधी रक्ततपासणी करून वाहक ओळखणे त्याहूनही स्वस्त आहे. कारखान्याकारखान्यांतून ते व्हावे. मात्र त्या तपासणीचा कागद कामगाराच्या हाती राहावा, मालकाच्या नव्हे. दुसरा पाय असा की, जी मुले जन्मली आहेत त्यांचा हक्क आधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांची नावे घातली आहेत. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांपर्यंत त्या कायद्याचा लाभ पोचायला हवा. मुलाला रक्त मिळायला हवे आणि आईला त्या दिवसाची भरपगारी रजा. ही रजा मिळावी म्हणून आमच्या संघटनेने मागणीपत्र दिले आहे. ती बाई त्यावर सही करणारी पहिली.

तिने अजून निर्णय घेतलेला नाही. तो तिचा आहे. तो घेताना तिच्या पाठीशी कायदा असावा, रुग्णालय असावे आणि तुम्ही-आम्ही असावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.