आजीची बोली, आजोबांची येष्टी



निमगाव साव्याहून नारायणगावला निघालेले एखादे आजोबा विचारतात, "येष्टी आली का रं?" घरात आजी नातवाला बजावते, "उधर जाना नक्को." शाळेत शिकणारा नातू हसतो, चारचौघांत त्याला लाजही वाटते. परंतु हे शब्द अडाणीपणाचे नाहीत. त्यांच्या पोटात आपला इतिहास आहे.

'येष्टी' म्हणजे एस.टी.; 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची आद्याक्षरे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. खेड्यातील माणसाने ती दोन अक्षरे आपल्या जिभेला सोयीची करून घेतली.

गाडीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास असे चाक तयार केले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. आज इंग्लंडात हा शब्द जवळजवळ विस्मरणात गेला आहे. आपल्या ड्रायव्हरच्या तोंडी मात्र तो टिकून आहे. 'डिकी'चेही तसेच. जुन्या मोटारीच्या मागील उघड्या बैठकीचे ते नाव. बैठक गेली, नाव सामानाच्या जागेला चिकटले.

आता आजीचे 'नक्को' पाहा. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापिली, तेव्हा तिची पहिली राजधानी आपले जुन्नरच होते. अशा दख्खनी राज्यांत मराठी आणि दखनी शेजारी नांदल्या. मराठीतील 'नको' दखनीत 'नक्को' झाला. 'च' हा प्रत्यय 'ऐसाइच', 'उधरीच' असा रुजला. उलट 'अर्ज', 'दप्तर', 'जमीन' हे फारसी-अरबी शब्द मराठीच्या घरचेच झाले. उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली आहे.

पालकहो, परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी प्रमाण भाषा आलीच पाहिजे, यात शंका नाही. मात्र बोलीवरून हसे झालेले मूल वर्गात हात वर करीनासे होते आणि घरी आजीशीही कमी बोलू लागते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांच्या तोंडचे दहा जुने शब्द अर्थासह वहीत उतरवा. तो शब्द त्यांनी प्रथम कोणाकडून ऐकला, हेही विचारा. आपल्या गावाच्या इतिहासाची सुरुवात त्या वहीपासून होऊ शकेल.